एकोणचाळीस मिनिटं

दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली आहेत. लोअर परळमधल्या काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर तुम्ही बसला आहात आणि लॅपटॉपवर तुमच्या नावाला चिकटलेला हिरवा ठिपका अजून शाबूत आहे. काही मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा पडतो. पडू नये म्हणून जेवतानाही डाव्या हाताने माउसला टिचकी मारत राहायची सवय तुम्हाला कधी लागली, ते तुम्हालाही आठवत नाही. कुणी तसं सांगितलेलं नाही. साहेब चांगले आहेत, शुक्रवारी पिझ्झा मागवतात.

आज डबा नाही. त्यामुळे फोनवर दुसरा एक ठिपका आहे, तुमची बिर्याणी घेऊन येणारा. तो गेटपाशी येऊन अडकलाय. दोन मिनिटं, चार मिनिटं. शेवटी तुम्हीच खाली उतरता. वॉचमन म्हणतो, ‘‘डिलिव्हरीवाले मागून सर, सर्व्हिस लिफ्टनं. तिकडं लाइन आहे.’’ मागे जायचं तर इमारतीला वळसा पडतो, आणि त्या वळणावर गिरणीची जुनी चिमणी उभी आहे. गिरणी गेली, चिमणी राहिली. बिल्डरने तिच्या पायथ्याशी हिरवळ लावली, रात्रीसाठी निळे दिवे लावले. तुम्ही ती रोज बघता, हात कधी लावला नव्हता. आज सावलीला जरा टेकता, तर वीट गरम लागते. उन्हाने तापलेली वाटत नाही, आतून पेटल्यासारखी वाटते.

आणि भोंगा होतो.

अंधार आहे. मुंबईला मानवेल एवढीच थंडी. तुमच्याभोवती शे-दोनशे माणसं उभी आहेत, डोक्याला मुंडासं, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी. साल १९०६, महिना जानेवारी. गिरणीच्या दारावरचं घड्याळ सहा दाखवतंय. तुमच्या मनगटावरही सहाच वाजलेत. पण शेजारचा म्हातारा आभाळाकडे बघून म्हणतो, ‘‘सहा कुठं वाजल्यात? साहेबाचं घड्याळ खोटं बोलतंय.’’

म्हाताऱ्याचा हिशेब बरोबर आहे. परवा-परवापर्यंत मुंबईची वेळ मुंबईच्या सूर्यावर चालायची. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एकच वेळ लावली आणि मुंबईचं घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटं पुढे गेलं. नव्या घड्याळात सहा म्हणजे जुन्या घड्याळात पाच एकवीस. आता ३९ मिनिटांत असं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल, कारण तुम्ही चाळीतल्या नळापाशी पहाटे रांग लावलेली नाही. त्या रांगेत, मग संडासाच्या रांगेत, मग चुलीपाशी ती ३९ मिनिटं जायची. शिवाय गिरण्यांत विजेचे दिवे आले आहेत. पूर्वी गिरणी सूर्यासोबत उघडायची नि सूर्यासोबत मिटायची. हिवाळ्यात दिवस आखूड तर पाळीही आखूड. दिवा आल्यावर सूर्याची नोकरी गेली. काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. संध्याकाळ गेलीच होती, आता पहाटही कातरली.

गर्दीतून एक दगड सुटतो. मग दुसरा. त्या जानेवारीत मुंबईतल्या काही हजार गिरणी कामगारांनी खरोखरच काम टाकून गिरणीवर दगडफेक केली, ती घड्याळासाठी. मजुरीसाठी झालेले संप आपल्याला माहीत असतात, वेळेसाठी झालेली दगडफेक सहसा कुणी सांगत नाही. पुढे कित्येक वर्षं या शहरात दोन वेळा नांदल्या, सरकारची आणि मुंबईची. मुंबईची वेळ पुरती विझायला १९५५ उजाडलं.

तुम्ही दगड उचलत नाही. तुम्हाला सवय आहे. कॅलेंडरमध्ये कुणीतरी परस्पर मीटिंग टाकतं आणि तुम्ही ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबता. हो, त्या कॅलेंडरातला रविवार मात्र कुणी फुकट दिलेला नाही, एवढं जाता जाता सांगायला हवं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. त्याआधी रविवारीही यंत्रं पुसायला जावं लागायचं.

दरवाजा उघडतो. तुम्ही लोंढ्यासोबत आत ढकलले जाता आणि दाराच्या त्या बाजूला साल १९२८ झालेलं असतं. महिना तोच, जानेवारी.

जॉबर दारातच उभा आहे. काळी टोपी, कोटाच्या खिशात पट्टी-कात्री. रोजच्या गैरहजर कामगारांच्या जागी बदली भरायचे म्हणून तो रांगेतले चेहरे बघतोय. तू ये. तू थांब. तू काल आला नव्हतास, जा. तुमच्यापाशी येऊन विचारतो, ‘‘गाव?’’ तुम्ही जे तोंडाला येतं ते सांगता. तो हसतो, कारण ते त्याच्या गावापासून दोन कोसांवर आहे. ‘‘पहिल्या पगारात माझी दस्तुरी लक्षात ठेव.’’ झाली तुमची मुलाखत.

हा माणूस चांगला नाही. तो पैसे खातो, व्याजाने देतो, शिवी दिल्याशिवाय वाक्य संपवत नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. तो तुमच्याच चाळीत दोन खोल्या पलीकडे राहतो. त्याची बायको तुमच्या बायकोच्या मागे नळावर उभी असते. फार माजला तर गल्लीत त्याला कुणी विचारत नाही, आणि गल्लीने टाकलेला जॉबर दुसऱ्या दिवशी माणसं कुठून आणणार? मालक त्याला ठेवतो तो माणसं आणतो म्हणून. त्यामुळे शिव्या देणाऱ्याला तोलूनमापून शिव्या द्याव्या लागतात.

साचेखात्यात शिरताच तुमचे कान गेले. शेकडो माग एकाच वेळी खडखडताहेत. हवेत वाफ सोडलेली, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. तिच्यात कापसाचं तूस तरंगतंय आणि ते तुमच्या ओठांवर बसतं. कुणी कुणाशी बोलत नाही, हातवारे आणि ओठ वाचूनच सगळं चालतं. तुम्हाला ज्याच्या हाताखाली उभं केलंय त्या विणकराचे दोन साचे, म्हणजे माग, समोरासमोर आहेत. एकाकडे तोंड, दुसऱ्याकडे पाठ. तो सारखा वळतो, घड्याळाच्या लंबकासारखा. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची, सोडायचा. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची. ही कांडी घालणं जवळून बघा, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे.

धोट्याच्या कडेला बारीकसं भोक असतं. कांडीवरच्या सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं तर बोटांना ते जमत नाही. विणकर धोटा तोंडाशी नेतो, भोकावर ओठ टेकतो आणि श्वास आत ओढतो. सूत जिभेवर येतं, त्यासोबत तूस छातीत जातं. साचा पुन्हा सुरू. दिवसभरात हे किती वेळा होतं ते तुम्ही मोजायला जाता आणि मोजणं सोडून देता.

खात्याच्या दाराशी एकजण टोपली घेऊन आलाय, सूत कातणाऱ्या रिंगखात्यातला. तो उंबऱ्याच्या आत येत नाही. का, ते विचारायची गरज नाही. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागतात, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साचेखात्यात घेत नाहीत. आणि जास्त पगार मिळतो तो साचेखात्यातच. एका भोकाच्या रचनेने जात पगारपत्रकात आणून बसवली आहे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सगळ्यांच्या हक्कांसाठी भांडता, तर या दाराचं काय? पुढाऱ्यांना तो प्रश्न अडचणीचा वाटला. यंत्र जात बघत नाही असं आपण म्हणतो, त्यात एवढंच कमी पडतं की यंत्राला तोंड कुणी लावायचं हे माणसं ठरवतात.

तुमचा विणकर अचानक तीन बोटं दाखवतो. तुम्हाला कळत नाही. तो पुन्हा दाखवतो, मग डाव्या बाजूच्या साच्याकडे. ससून गटाच्या गिरण्यांत या जानेवारीपासून नवी योजना आली आहे, एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे. रिंगखात्यातही तोच प्रकार, एक बाजू होती त्या जागी दोन. पगार थोडा वाढेल, माणसं बरीच कमी होतील. या योजनेला नाव आहे कार्यक्षमता.

तिसरा साचा कसा दिसतो ते तुम्ही त्याच्या जागी उभे राहून बघता. दिसतच नाही. दोन साच्यांना एक तोंड आणि एक पाठ पुरते. तिसऱ्याला शरीराची बाजू उरत नाही. तिकडे धागा तुटला तर तुम्हाला कळेपर्यंत वीतभर कापड गेलेलं असतं. आणि गेलेलं कापड जातं तुमच्याच गळ्यात. डाग पडलेलं, विरलेलं कापड विणकराला देऊन त्याची किंमत पगारातून कापायची, ही इथली रीत.

ही तीन बोटं आली कुठून? साहेबाच्या देशातून म्हणावं तर त्याच्याही पलीकडून. १८९९ साली अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर नावाच्या माणसाने लोखंडाच्या लगडी उचलणाऱ्या हमालांवर घड्याळ धरलं. उचल, चाल, टाक, बस, पुन्हा उचल. कधी बसायचं तेही घड्याळवालाच सांगणार. टेलरच्या पुस्तकाप्रमाणे एका गड्याने रोजच्या साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन उचलले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटवर गेली. भागाकार तुम्ही करा. टेलरने गोष्ट थोडी रंगवून सांगितली असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, पण तोवर ती जगभर पोचली होती.

विणकर तुमच्या हातात धोटा देतो. आता तुमची पाळी. तुम्ही ओठ टेकता, डोळे मिटून श्वास ओढता आणि खडखडाट एकदम थांबतो.

शांत, उजेडाची खोली. तुम्ही शिकागोजवळच्या हॉथॉर्नच्या कारखान्यात आहात, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या. साल १९२८, महिना तोच. एका लांब बाकाशी पाच मुली बसून टेलिफोनचे रिले जोडताहेत. पस्तीसेक सुटे भाग, मिनिटाला साधारण एक रिले. झालेला रिले बाकातल्या भोकात टाकायचा. तो घसरत खाली जातो आणि पलीकडे कागदाच्या पट्टीवर टक् करून एक छिद्र पडतं. इथेही सगळं एका भोकापाशीच येऊन थांबलं म्हणायचं.

इथे कुणी ओरडत नाही. कोपऱ्यातला माणूस नम्रपणे विचारतो की झोप कशी झाली, घरी सगळं ठीक ना. सकाळ-दुपारची विश्रांती देऊन बघतात, ती वाढवून बघतात, सकाळचा नाश्ता देऊन बघतात, दिवस अर्ध्या तासाने कमी करून बघतात. डॉक्टरी तपासणीच्या दिवशी आइस्क्रीम मिळतं. आणि काय बदललं तरी पट्टीवरची छिद्रं बहुतेक वाढतच जातात. एल्टन मेयो आणि मंडळींनी यातून जो निष्कर्ष काढला तो तुमच्या आमच्या नोकरीत आजही पगार घेतोय: आपल्याकडे कुणी लक्ष देतंय असं वाटलं की माणूस जास्त काम करतो. मग कंपनीने वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. बोला, मन मोकळं करा. तुमच्या ऑफिसात वर्षातून एकदा येणारा तो ‘तुमचा आवाज आमच्यासाठी मोलाचा’ वाला फॉर्म याच घरातला.

मलाही ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा गोड वाटली होती. मग खुर्च्या मोजल्या. पाचांपैकी दोघी या जानेवारीत नव्या आहेत. आधीच्या दोघी फार बोलायच्या, काम मनासारखं करत नव्हत्या, म्हणून त्यांना खोलीतून काढलं. ज्या प्रयोगातून कामगाराचं ऐकून घ्यावं असं जगाला कळलं, त्या प्रयोगात बोलणाऱ्या दोघींची जागा गेली. छिद्रं वाढली ती त्यानंतर जास्तच.

त्याच कारखान्यात तीन वर्षांनी पुरुषांची एक खोली अशीच निरखली गेली. तिथे उलटंच दिसलं. कुणी ठरल्यापेक्षा जास्त काम करू लागला तर शेजारी त्याच्या दंडावर गुद्दा घालायचे. रोजचं काम किती, ते त्यांनी आपापसात ठरवलं होतं आणि कुठल्याही कागदावर ते नव्हतं. या खोलीवरून कुणी पिझ्झा मागवायला शिकलं नाही.

परत गिरणीत आलात तर साचे बंद आहेत. एप्रिल १९२८ ते ऑक्टोबर, सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. तीन बोटांचं उत्तर. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, याच संपात उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणी कामगार. पुढे १९३१ मध्ये कामगारविषयक शाही आयोगाने जॉबरच्या पद्धतीवर कोरडे ओढले, मग लेबर ऑफिसर आले, बदली कामगारांना कार्डं आली. शिव्या गेल्या, दस्तुरी हळूहळू गेली, आणि तुमच्या चाळीत राहणारा माणूसही त्या दारातून गेला.

१९८२ वरून आपण भरभर जाऊ. ते सगळं तुम्ही घरात ऐकलंय. १८ जानेवारी, दत्ता सामंत, अडीच लाख माणसं, रीतसर कधी मागेच न घेतलेला संप. एकच बघा, माग कुठे चाललेत ते. ट्रकातून भिवंडीला. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग लागतील, आणि अजून काही दशकांनी त्याच पट्ट्यात प्रचंड गोदामं. तिथे कामगाराच्या हातात धोट्याऐवजी स्कॅनर असेल. स्कॅनर प्रत्येक वस्तूला टिक् करतो. पट्टीवरच्या छिद्राचा हा पणतू.

आता २००५, एप्रिल महिना, मालाड. सुमो गाडीने तुम्हाला घरून उचललंय, डोक्यावर हेडसेट आहे आणि इथे तुमचं नाव डेव्हिड. समोरच्या पडद्यावर सेकंद पळताहेत: हा कॉल किती चालला, आजची सरासरी किती. लघवीला जायचं तर ‘ऑक्स’ लावायचा, म्हणजे मशीनला सांगून जायचं. टीम लीडर तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. तिला तुमचा वाढदिवस माहीत आहे. केक तीच आणते आणि तुमचे कॉल चोरून ऐकतेही तीच. टेलर आणि मेयो एकाच खुर्चीत बसलेत, आणि खुर्चीवरची मुलगीही तुमच्यासारखीच थकलेली आहे.

फळ्यावर तिने लिहिलंय: सोमवारपासून पाळी साडेसातऐवजी साडेसहाला. एप्रिलचा पहिला रविवार उलटला, अमेरिकेने घड्याळ एक तास पुढे केलं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मालाडमध्ये आता साडेसहा. एकोणचाळीस मिनिटांवरून शहरात दगड उडाले होते. इथे पूर्ण साठ मिनिटं सरकली आणि कुणीतरी फक्त विचारलं, ‘‘मग पिकअप किती वाजता?’’

तुमचा हात चिमणीवर आहे. वीट गार झाली आहे. फोन सांगतो एक वाजून एकोणीस. सर्व्हिस लिफ्टपाशी सात-आठ रंगीत टीशर्टं उभी आहेत, आणि तुमची पिशवी धरलेला पोरगा त्यांतला चौथा. लिफ्टपाशी पाटी आहे: डिलिव्हरीसाठी. पुढच्या चार चकचकीत लिफ्टांना पाटी नाही. पाटी नसलेला उंबरा कुणी ओलांडायचा नाही हे लक्षात यायला इथेही वेळ लागत नाही.

नीती आयोगाने २०२२ मध्ये अंदाज दिला होता की २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख कामगार होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना ‘गिग कामगार’ असं नाव दिलं. त्यांना जॉबर नाही. सकाळी कुणी चेहरा बघून तू ये, तू थांब म्हणत नाही. फोन वाजतो किंवा वाजत नाही. का वाजला नाही, हे विचारायला दोन खोल्या पलीकडे कुणी राहत नाही.

वर तुमच्या टीमचा कामाचा फळाही असाच आला, लांबून. कार्डं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवायची. त्याला कानबान म्हणतात, टोयोटाच्या कारखान्यातला शब्द. त्या कारखान्यात आणखी एक वस्तू होती: कामगाराच्या डोक्यावर लटकणारी दोरी. काही बिघडलं की कुणीही ती ओढायची, सगळी रांग थांबायची. कार्डं तुमच्या ऑफिसापर्यंत आली. दोरी आली नाही.

‘‘सर, अकराव्या मजल्याचं ना?’’ पोरगा पिशवी पुढे करतो. बोलण्यात कोल्हापूरकडचा हेल आहे. ‘‘वर येणारच होतो, लिफ्टच मिळंना. उशीर झाला. जरा बघा की सर, पाच स्टार दिले तर बरं होईल.’’

तुम्ही म्हणता, तुझी चूक नाही, मी तसं लिहितो. फोन काढता. पडद्यावर पाच रिकामे तारे आहेत, आणि खाली चौकटी: वेळेवर आला का? नम्र होता का? अन्न व्यवस्थित होतं का? सर्व्हिस लिफ्टसाठी चौकट नाही. तुम्ही वर-खाली सरकवून बघता. नाही. वर अकराव्या मजल्यावर तुमचा ठिपका एव्हाना पिवळा पडला असेल. पोरगा फोनकडे बघत नाहीये. त्याची नजर तुमच्या अंगठ्यावर आहे.